वाफेच्या इंजिनाचा ट्रॅक्शन टायर गेला: ओ-रिंग चालेल का, की टायरच नको?

शाहूपुरीकर

नमस्कार मंडळी.

शाळेच्या सहलीत पुण्याचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघितलं आणि तेव्हापासून हा नाद लागला. आता कोल्हापुरात शाहूपुरीत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत माझा स्वतःचा मॉडेल रेल्वेचा लेआउट उभा आहे. ओओ स्केल, १६.५ मिमी गेज (दोन रुळांतलं अंतर), निकेल सिल्व्हरचे रूळ, साधा डीसी कंट्रोलर.

प्रश्न इंजिनाचा आहे. इंग्लिश धाटणीचं ४-६-२ (पुढं चार छोटी, मधे सहा मोठी, मागं दोन छोटी चाकं) वाफेचं इंजिन, मामांकडून आलेलं. मोटर इंजिनाच्या पोटात आहे, टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, नुसता मागून ओढला जातो. मधल्या सहा मोठ्या चाकांपैकी सगळ्यात मागच्या जोडीला खाच आहे आणि त्यात पकड वाढवणारे रबराचे ट्रॅक्शन टायर. डावीकडचा टायर सैल होऊन चालत्या गाडीतून निघाला, कनेक्टिंग रॉडमध्ये अडकला. उजवीकडचा जागेवर आहे, पण तो कडक आणि चकचकीत झालाय. नखानं दाबला तर दबत नाही.

माझ्याकडे खालच्या स्टेशनातून वरच्या स्टेशनात जायला चढ आहे. अडीच मीटर लांबीत साडेसात सेंटीमीटर उंची. चढाच्या मधोमध ४३८ मिमी त्रिज्येचं वळण. सपाटीवर इंजिन सात डबे आरामात ओढतं. चढावर वळणात शिरलं की चाकं जागेवर फिरायला लागतात आणि इंजिन डावी-उजवीकडं डुलतं. चार डब्यांवर आणलं तर कसंबसं वर जातं. पण मला महालक्ष्मी एक्स्प्रेससारखी लांबलचक गाडी वर चढताना बघायची आहे, चार डब्यांवर मन भरत नाही.

विचारायचं ते असं. लक्ष्मीपुरीत ऑइल सीलच्या दुकानात बारीक ओ-रिंग मिळतात, त्यातली मापाची रिंग टायरच्या जागी बसेल का? बसवायची तर चाक एक्सलवरून काढावं लागेल का? आणि दोन्ही टायर काढून नुसतं वजन वाढवलं तर भागेल का? इंजिन काट्यावर ३८० ग्रॅम भरतं, टेंडर ८० ग्रॅम. डबा सरासरी १३० ग्रॅमचा आहे.

जाणकारांनी सांगावं. काही अजून उघडलेलं नाही, सल्ला मिळाला की मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेणार आहे.

---

कोथरूड ओओ

माझं मत स्पष्ट आहे: टायर काढूनच टाका.

रबरातून वीज जात नाही. तुमच्या इंजिनात सहा मोठी चाकं रुळावरून करंट घेऊ शकतात, त्यातली दोन रबरानं बंद झाली की उरली चार. पुढच्या बोगीतून, म्हणजे पुढच्या छोट्या चाकांतून, बहुतेक मॉडेलमध्ये पिकअप (रुळावरून करंट घेण्याची सोय) नसतो. मग पॉइंटवर, गाडी रूळ बदलते तिथं, प्लॅस्टिकचा फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) आला की हळू चालणारं इंजिन तिथंच गचकन थांबतं आणि बोटानं ढकलावं लागतं. वाफेच्या इंजिनाची खरी मजा हळू चालण्यात आहे, रॉड सावकाश वर-खाली होताना बघण्यात. टायरनं ओढ मिळते, पण ती मजा जाते.

बऱ्याच मॉडेलना बिनखाचेच्या चाकांची जोडी स्पेअर म्हणून मिळते. ती टाका, टेंडरला फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्टीचे पिकअप बसवा आणि बॉयलरमध्ये जागा असेल तिथं वजन भरा.

जाता जाता एक: ट्रायअँग या जुन्या इंग्लिश कंपनीच्या मॉडेल इंजिनांत पकड वाढवायला चुंबक बसवलेला असायचा, त्याला ते मॅग्नॅडहेजन म्हणायचे. कुणी तो उपाय सुचवला तर ऐकू नका. तो पोलादी रुळासाठी होता. तुमच्या निकेल सिल्व्हरला चुंबक धरत नाही.

---

उद्यमनगरचा टर्नर

शाहूपुरीकर भावा, तू काही उघडायच्या आधी विचारलंस हे फार बरं झालं. जरा सविस्तर लिहितो.

माझा आयुष्यभराचा धंदा लेथचा, ऑइल इंजिनाचे पार्ट करण्यात गेला. चाक, एक्सल, बुश यांच्याशी रोजची गाठ. म्हणून पहिली गोष्ट हात जोडून सांगतो: ते चाक एक्सलवरून उपसू नको. डिझेलच्या मॉडेलचं चाक काढून परत ठोकलं तर बिघडत नाही, तिथं रॉडच नाही. वाफेच्या इंजिनात एका बाजूचा क्रँक (चाकावर रॉड जोडतो ती जागा) दुसऱ्या बाजूच्या क्रँकच्या ९० अंश पुढे बसवलेला असतो आणि तिन्ही एक्सलवर हा कोन तंतोतंत एकच लागतो. एका एक्सलवर तो थोडा जरी सरकला तरी रॉड अडकतात, इंजिन लंगडत चालतं. कारखान्यात ते जिगमध्ये, म्हणजे कोन पक्का धरणाऱ्या साच्यात, धरून दाबलेलं असतं. तुझ्याकडे जिग नाही, आणि लागतही नाही, कारण टायर बदलायला चाक काढावं लागत नाही.

आता घसरण्याचं. टायर गेला म्हणून इंजिन घसरतंय हे अर्धंच खरं आहे. टायर गेलेल्या चाकाची खाच रिकामी आहे. ते चाक खाचेच्या कडेवर कधी टेकतं, कधी टेकत नाही. दुसऱ्या बाजूला कडक झालेलं रबर अजून भरलेलं आहे. म्हणजे एकाच एक्सलवर दोन वेगवेगळ्या व्यासाची चाकं झाली. तुझं इंजिन डुलतंय ते यानं. एकच नवा टायर आणून डावीकडं घालू नको. दोन्ही एकदम बदल, एकाच पाकिटातले.

पण त्याआधी आकडे बघ. इंजिनाची ओढ म्हणजे फिरणाऱ्या चाकांवर पडलेलं वजन गुणिले पकड. तुझ्या ३८० ग्रॅमपैकी पुढची बोगी आणि मागची छोटी चाकं आपला वाटा खातात. मोठ्या सहा चाकांवर समज २८० ग्रॅम पडतात. धातूवर धातूची पकड ढोबळ मानानं ०.२ धर. ओढ झाली ५६ ग्रॅम. तुझा चढ तीन टक्के. इंजिन आणि टेंडर मिळून ४६० ग्रॅम, ते स्वतःलाच वर उचलायला १४ ग्रॅम खर्च. उरले ४२. डबा १३० ग्रॅमचा, चढाचे तीन टक्के आणि चाकांच्या घर्षणाचे दोन टक्के धरले तर प्रत्येक डबा साडेसहा ग्रॅम मागतो. सात डबे म्हणजे साडेपंचेचाळीस. उरलेत बेचाळीसच. वळणात चाकांच्या कडा रुळाला घासतात, तिथं डबा साडेआठ-नऊ ग्रॅम मागतो आणि सात डब्यांचं मागणं साठीच्या घरात जातं. तुझं इंजिन नेमकं वळणात का बसतंय ते आता कळलं असेल. यात इंजिनाचा दोष नाही.

आता मागच्या जोडीला चांगले टायर आहेत असं धर. त्या जोडीवर वजनाचा तिसरा हिस्सा, म्हणजे ९३ ग्रॅम. रबराची पकड ०.४५ धरली तर तिची ओढ ४२, बाकी चार चाकांची ३७. एकूण ७९. स्वतःचे १४ वजा केले की ६५ उरतात आणि वळणातले सात डबे निघतात. कोथरूडच्या दादांनी टायर काढायला सांगितलं ते सपाट लेआउटला शंभर टक्के पटतं. पण तीन टक्के चढ, त्यात वळण, आणि वर लांब गाडी पाहिजे, तर हे इंजिन बिनटायरचं ती नेणार नाही. टेंडरला पिकअप बसवायचं त्यांचं म्हणणं मात्र लगेच उचल. टायर ठेवून पिकअपची तूट टेंडरमधून भरून काढता येते.

हे आकडे अंदाजाचे आहेत. तुझ्या इंजिनाचा खरा आकडा घरच्या घरी काढता येतो. गुजरीत सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा घे, पाव किलोच्या वर घेणारा. काट्यावर २०० ग्रॅमचा लोखंडी तुकडा ठेव. त्याला दोरा बांध, दोरा सरळ वर नेऊन एका मोकळ्या फिरणाऱ्या छोट्या बेअरिंगवरून आडवा घे आणि टेंडरच्या हुकला अडकव. इंजिन सपाट रुळावर चालव. दोरा ताणला की चाकं जागेवर सावकाश फिरायला लागतील. तेव्हा काट्यावरचा आकडा २०० वरून जितका खाली आलेला दिसेल तितके ग्रॅम तुझी ओढ. टायर बदलायच्या आधी एकदा माप आणि बदलल्यावर एकदा. मग कुणाच्या मतावर विसंबायचं कारण उरत नाही.

मोजून झालं की बोगीच्या स्प्रिंगकडं बघ. ४-६-२ मध्ये पुढच्या बोगीला आणि मागच्या छोट्या चाकांना खाली दाबणारी स्प्रिंग असते. ती ताठ असेल तर इंजिनाचं वजन ती उचलते आणि मोठी चाकं हलकी पडतात. बोगी रुळावर राहण्याइतकाच दाब पाहिजे. स्प्रिंगचा अर्धा वेटोळा कापला की बऱ्याचदा ओढीत फरक पडतो, आणि याला पैसाही लागत नाही.

मग वजन. मोटारीच्या टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगला चिकटणाऱ्या पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या लावतात, त्या बॉयलरमध्ये छान बसतात. वजन मधल्या मोठ्या चाकाच्या बरोबर वर आलं पाहिजे. पुढं धुराड्याखाली कोंबलंस तर ते बोगीवर जाईल आणि मागची टायरची जोडी उलट हलकी होईल. शिशाचे छर्रे भरणार असशील तर पांढऱ्या लाकडी गोंदात कालवू नको. शिसं आणि तो गोंद यांची हळूहळू रासायनिक क्रिया होते, मिश्रण फुगतं आणि काही वर्षांनी बॉयलर आतून फाटतो. एपॉक्सी वापर. आणि ओझं मोटरला झेपेल इतकंच ठेव. चढावर गाडी अडली तर चाकं घसरली पाहिजेत. चाकं घट्ट आणि मोटर जागेवर अडकली तर आतली वाइंडिंग जळते. चाक घसरणं हा मोटरचा फ्यूज आहे.

आता तुझा मुख्य प्रश्न, ओ-रिंग. नको. ओ-रिंग गोल दोरीसारखी असते, खाच सपाट चौकोनी. रिंग खाचेतून पोट काढून वर येते. चाकाचा व्यास वाढतो, त्याच बाजूची शेजारची चाकं रुळावरून उचलली जातात. तिन्ही एक्सल रॉडनं जोडलेले आहेत, एकाच वेगानं फिरणार. मागचं चाक व्यासानं मोठं झालं की प्रत्येक फेऱ्यात ते पुढच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापायला बघतं आणि पुढची चाकं घासत जातात. वीजही तुटते, पकडही जाते. टायर सपाट पट्टीचाच पाहिजे आणि बसल्यावर चाकाच्या पृष्ठभागाच्या सपाटीत, फार तर केसभर वर.

माप असं घे. व्हर्नियरनं खाचेच्या तळाचा व्यास मोज, चाकाचा नाही. टायरचा मोकळा आतला व्यास त्याहून दहा-बारा टक्के कमी पाहिजे. खाचेचा तळ २३.३ मिमी भरला तर साडेवीस ते एकवीस मिमीचा टायर. त्याहून लहान घेतलास तर ताणून पातळ होतो आणि लवकर तुटतो. मोठा घेतलास तर परत रॉडमध्ये सापडणार. खाचेची रुंदी पण मोज, टायर तेवढाच रुंद किंवा तसूभर कमी.

बसवताना इंजिन उलटं करून फोममध्ये ठेव. मागच्या चाकाचा क्रँक पिन काढ, रॉड बाजूला सरकव, टायर रॉडच्या मागून चाकावर घे. पिन छोटा असतो, खाली पांढरं कापड अंथर. जुन्या रबराचा चिकटा लाकडी टूथपिकनं खरवडून काढ आणि खाच आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पूस. सुई किंवा ब्लेड रबराजवळ आणू नको, बारीक चीर पडली की टायर तिथूनच जातो. नवा टायर कोमट पाण्यात बुडवून ओला असतानाच चढव. चढला की टायरखालून टूथपिक घालून चाकाभोवती पूर्ण गोल फिरव. हे न चुकता कर. चढवताना रबर एका बाजूला जास्त ताणलेलं असतं आणि पिळलेलंही असतं, या फेरीनं ते सगळीकडं सारखं होतं. सुपरग्लू अजिबात नको. तो गाठ होऊन कडक होतो आणि चाक कायमचं उड्या मारतं.

पिन परत लाव, पण आवळून रॉड जाम करू नको. मग उलट्याच अवस्थेत दोन वायरनं करंट देऊन हळू चालव आणि टायरच्या कडेकडं बघ. कड स्थिर दिसली तर काम झालं. लाटेसारखी हलली तर परत टूथपिकची फेरी.

---

मिरज जंक्शन

टर्नर साहेबांनी सगळं सांगितलंच आहे. मी रेल्वेत वाफेच्या इंजिनावर फायरमन होतो, त्या अंगानं थोडं.

शाहूपुरीकर, तुमचा चढ तीन टक्के म्हणजे तेहतीसला एक. भोर घाट सदतीसला एक आहे. म्हणजे तुमच्या खोलीतला चढ भोर घाटापेक्षाही कडक. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ साली संस्थाननं बांधली ती मीटर गेज होती, रुकडीजवळ पंचगंगा ओलांडून कृष्णेकडं येणारी, फारसा चढ नसलेली. ही लाइन बघत मोठं झालेल्या माणसाला एका इंजिनानं लांब गाडी ओढली पाहिजे असं वाटतं, त्यात नवल नाही. पण तुमची महालक्ष्मी मुंबईहून येताना कर्जतला थांबते आणि मागं बँकर इंजिनं लागतात, तेव्हाच ती लोणावळ्याला पोचते. खऱ्या गाडीला लाज वाटत नाही तर तुमच्या गाडीला कशाला? मागं एखादं छोटं इंजिन ढकलायला लावून बघा. दोघांचा वेग जवळपास सारखा पाहिजे आणि मागचं इंजिन जरासं हळूच असावं, म्हणजे डबे दाबले जाऊन वळणात बाहेर पडणार नाहीत.

खऱ्या इंजिनाची ओढही चाकांवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढीच असते, तेही रूळ कोरडा असताना. वाफेच्या इंजिनावर वाळूची पेटी असते ती याचसाठी. चाक घसरलं की ड्रायव्हर रेग्युलेटर थोडा बंद करतो, वाळू सोडतो, मग परत उघडतो. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीवर अजून इंजिनाच्या पुढे बसून माणसं हातानं रुळावर वाळू टाकतात. सगळ्यात वाईट पहिला रिमझिम पाऊस. रुळावरची धूळ आणि तेल भिजून साबणासारखं होतं. मोठा पाऊस पडला की रूळ धुऊन निघतात आणि पकड परत येते. वाळू मॉडेलच्या रुळावर टाकू नका, गिअरमध्ये जाईल. पण कंट्रोलरची सवय ड्रायव्हरसारखी ठेवा. चढाच्या आधी थोडा वेग घ्या, चढावर मुठीला झटका देऊ नका. चाक एकदा घसरलं की पकड आणखी कमी होते, वेग वाढवून ती परत येत नाही.

आणखी एक तपासा. चढ सुरू होतो तिथं रूळ एकदम मोडल्यासारखा वर गेलाय का? तीन एक्सलचं ताठ इंजिन अशा जागी दोनच एक्सलवर उभं राहतं. चढाच्या पायथ्याला आणि माथ्याला हळूहळू वाकवत न्या. स्टीलची पट्टी रुळावर उभी ठेवून खाली उजेड दिसतो का बघा.

---

राजारामपुरी एन गेज

माझं सगळं एन स्केलमध्ये आहे, ९ मिमी गेज. इंजिन एवढं हलकं की पकडीचा प्रश्न आमच्याकडे कायमचा. त्यामुळे यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

खाच नसलेल्या चाकाला पकड द्यायची असेल तर बुलफ्रॉग स्नॉट नावाचं हिरवं दाट द्रव्य मिळतं, अमेरिकेतलं. इंजिन उलटं धरून, चाक हळू फिरत ठेवून, टूथपिकनं त्याचा पातळ थर लावायचा आणि वाळू द्यायचा. बिघडलं तर सोलून काढता येतं. पण तेही वीज तोडतंच, म्हणून एक-दोन चाकांपेक्षा जास्त चाकांना लावू नये, आणि थर पातळ असल्यामुळं झिजतो. शाहूपुरीकर दादा, तुमच्या चाकाला खाच आहे, त्यामुळे तुम्ही खरा टायरच घाला. खाच या द्रव्यानं भरायला गेलात तर ती एकसारखी गोल येत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तेलाबद्दल. टायर बहुतेक वेळा झिजून जात नाहीत, तेलानं जातात. एक्सलला थेंबभर जास्त तेल घातलं की ते चाकाच्या मागून ओघळून टायरपर्यंत येतं. रबर फुगतं, सैल होतं आणि एके दिवशी निघून रॉडमध्ये गुंडाळतं, अगदी तुम्ही लिहिलंय तसं. तेल सुईच्या टोकानं द्यायचं, बाटलीनं नाही. आणि रूळ रॉकेलनं पुसू नका. जुने लोक सांगतात, काळा थर निघतोही, पण तेलकटपणा मागं राहतो, चाकं घसरतात आणि रबर फुगतं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, सुती कापड, बस्स. टायरवर काळा गोळा जमला तर त्याच कापडानं हलक्या हातानं पुसा. घासू नका.

एक शंका टर्नर काकांना. माझी इंजिनं पावसाळाभर शोकेसमध्ये रुळावरच उभी असतात. टायरला काही होतं का?

---

शाहूपुरीकर

मंडळी, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

वाचता वाचता दोन गोष्टी तपासल्या. चढाच्या पायथ्याला पट्टी ठेवली, खाली उजेड चांगलाच दिसतो. तिथला प्लायवूड परत वाकवून घेणार. आणि पुढच्या बोगीची स्प्रिंग बोटानं दाबून बघितली, खूप ताठ आहे.

काका, डब्यांचं दोन टक्के घर्षण तुम्ही धरलंत, माझे डबे तेवढेच आहेत की जास्त, हे कसं ओळखायचं? काही डब्यांना प्लॅस्टिकची चाकं आहेत, काहींना धातूची. आणि मिरजेच्या काकांचा बँकर मनात भरलाय. माझ्याकडे एक ०-६-० टँक इंजिन आहे, बिनटायरचं. चालेल का ते?

---

उद्यमनगरचा टर्नर

राजारामपुरीच्या ताई, होतं. महिनोन्महिने एकाच जागी उभं राहिलं की टायर रुळाच्या बाजूनं चपटा होतो, मग चालताना टकटक आवाज येतो आणि इंजिन हलकंसं उचलत जातं. ठेवताना फ्रेमखाली लाकडाची पट्टी द्या, चाकं रुळापासून कागदाएवढी सुटी राहिली की झालं. ते जमत नसेल तर अधूनमधून इंजिन थोडं पुढं ढकलून चाकाची बाजू बदला. तेलाचं तुम्ही लिहिलंय त्यावर मी सही करतो. शाहूपुरीकर, तुझी खोली पत्र्याची आहे. एप्रिल-मे महिन्यात तिथं रबर लवकर कडक होणार. उन्हाळ्यात इंजिन खाली घरात आणून ठेव.

डबे तपासायचं सोपं आहे. एक मीटर सरळ रूळ फळीवर ठोक. फळीच्या एका टोकाखाली दोन सेंटीमीटरचा ठोकळा ठेव. डबा वरून सोड, ढकलू नको. आपण होऊन घरंगळत खाली गेला तर त्याचं घर्षण दोन टक्क्यांच्या आत. जागेवर बसला तर तो डबा तुझ्या इंजिनाचा शत्रू. एक्सलची टोकं बघ, केस आणि गालिच्याचे धागे गुंडाळलेले असतात, ते चिमट्यानं काढ. प्लॅस्टिकच्या चाकांना मळ लवकर चिकटतो, ती धातूची करून घे, पण टोक ते टोक एक्सलची लांबी आधीच्याएवढीच पाहिजे. लांबी जास्त झाली तर डबा आवळला जातो. दोन-तीन जड डबे जरी मोकळे झाले तरी टायरनं मिळते त्यातली बरीच ओढ तुला फुकट मिळेल.

बँकरला ०-६-० टँक इंजिन उत्तम. पुढच्या-मागच्या छोट्या चाकांची भानगड नाही, सगळं वजन फिरणाऱ्या चाकांवर. आणि ते बिनटायरचंच राहू दे. पुढच्या इंजिनाचा आणि त्याचा वेग थोडा कमी-जास्त झाला तर धातूची चाकं आपोआप घसरून जुळवून घेतात. टायर असते तर त्यानं डबे रेटून रुळाबाहेर काढले असते. फक्त वळणात मधल्या हलक्या डब्यावर लक्ष ठेव, दाब आला की तोच पहिला उतरतो. त्याला बँकरजवळ लावू नको.

आता क्रम असा धर: आधी पायथ्याचा प्लायवूड, मग डबे, मग बोगीची स्प्रिंग, मग टायर. वजन सगळ्यात शेवटी. टायर मागवताना खाचेच्या तळाचा व्यास आणि रुंदी दोन्ही कळव, जाडी खाचेच्या खोलीवरून ठरवू. व्हर्नियर नसेल तर इंजिन घेऊन उद्यमनगरात ये, चाक न काढता मी मोजून देतो. आणि काट्यावरचा ओढीचा आकडा इथं टाक, टायरच्या आधीचा आणि नंतरचा, म्हणजे बॉयलरमध्ये पट्ट्या किती चिकटवायच्या ते सांगता येईल.